आठ कोअरचा कार्पेट एरिया: प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि ‘युनिटी’चं पॅरिस

२०१४ च्या दिवाळीत ज्याला नवा कन्सोल घ्यायचा होता, त्याच्यापुढे खरा पेच होता. सोनीचा प्लेस्टेशन ४ भारतात जानेवारीत आला होता, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन सप्टेंबरात. किनेक्टशिवाय (हालचाल आणि आवाज ओळखणाऱ्या कॅमेऱ्याशिवाय) घेतला तर एक्सबॉक्सची किंमतही प्लेस्टेशनएवढीच, ३९,९९० रुपये. दोघांच्या पोटात एएमडीचा प्रोसेसर, दोघांत जग्वार जातीचे आठ कोअर, दोघांत आठ जीबी मेमरी. ठळक फरक ग्राफिक्सचा. प्लेस्टेशनचे १.८४ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं), एक्सबॉक्सचे १.३१. म्हणजे प्लेस्टेशन ४० टक्क्यांनी वरचढ. जाणकाराला विचारा नाहीतर नवख्याला, उत्तर ठरलेलं होतं: प्लेस्टेशन घे.

मग नोव्हेंबरात युबिसॉफ्टचा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा खेळ आला. दोन्ही कन्सोलवर रेझोल्यूशन तेच, ९००पी. फ्रेमची कमाल मर्यादाही तीच, सेकंदाला ३०. आणि पॅरिसच्या गर्दीने भरलेल्या रस्त्यांवर जेव्हा दोन्ही मशीन धापा टाकू लागल्या, तेव्हा खेळांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या डिजिटल फाउंड्रीच्या मोजणीत जास्त फ्रेम दिल्या त्या एक्सबॉक्स वनने. प्लेस्टेशनच्या फ्रेम विशीत अधिक खोल घसरत होत्या.

टेराफ्लॉप्सचा आकडा खोटा नव्हता. पण तो ज्या कामाचा आकडा आहे ते काम त्या रस्त्यांवर अडलेलंच नव्हतं. गाडं अडलं होतं प्रोसेसरपाशी, आणि तिथला हिशेब खोक्यावर छापलेला नसतो. तो उलगडायला माझ्या पाहण्यात ‘युनिटी’इतकं चांगलं प्रकरण दुसरं नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

जाहिरातीत आठ, हातात सहा

पुण्या-मुंबईत फ्लॅट घेणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. बिल्डर सांगतो तो सुपर बिल्टअप, आणि आपण झाडू मारतो तो कार्पेट. जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा आधीच वजा झालेला असतो. कन्सोलमध्ये तो वाटा सिस्टीमचा. सुरुवातीला दोन्ही कंपन्यांनी आठातले दोन कोअर स्वतःकडे ठेवले, खेळाला सहा दिले. एक्सबॉक्स वनवर आठ जीबीतली तीन जीबी मेमरी सिस्टीमला आणि पाच खेळाला. प्लेस्टेशनवरही खेळाच्या हाती साधारण तेवढीच पडायची. शिवाय एक्सबॉक्सवर ग्राफिक्सच्या वेळातला १० टक्के हिस्सा किनेक्ट आणि सिस्टीमच्या इतर कामांसाठी बाजूला काढलेला होता.

याला कुणी लूट म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही. खेळ लिहिणाऱ्याला भरपूर ताकद लागते हे खरं, पण त्याहून जास्त खात्री लागते. मित्राचा मेसेज आला, मागे एखादा खेळ डाउनलोड होऊ लागला, खेळाडूने मध्येच मेनू उघडला, तरी माझे सहा कोअर माझेच राहतील ही खात्री. घरच्या संगणकावर अँटिव्हायरस जागा झाला की खेळ अडखळतो. कन्सोलवर तसं होत नाही, कारण सिस्टीमचा हिस्सा आधीच वेगळा काढून कुलूपबंद केलेला असतो. ती दोन कोअरची किंमत त्या निश्चिंतपणाची आहे.

पण किंमत दोघांनी वेगवेगळ्या कारणांसाठी मोजली. मायक्रोसॉफ्टला खेळ आणि टीव्ही एकाच पडद्यावर, एकाच वेळी हवे होते. त्यामुळे एक्सबॉक्स वनवर तळाशी एक हायपरवायझर, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक सिस्टीम वेगळ्या ठेवणारा थर, आणि त्याच्यावर दोन वेगळ्या सिस्टीम अशी रचना केली गेली. एक विंडोजच्या वळणाची, ॲप आणि मेनूसाठी. दुसरी फक्त खेळासाठी, अगदी सडपातळ. एकीत काहीही गोंधळ झाला तरी दुसरीला झळ लागू नये हा त्यामागचा विचार. सोनीची सिस्टीम फ्रीबीएसडी या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बेतलेली, एकच, आणि खेळाभोवतीच बांधलेली. मागे चालणारे डाउनलोड सांभाळायला सोनीने एक छोटी वेगळी चिपही दिली होती, तिला स्वतःची २५६ एमबी मेमरी.

सुरुवातीला एवढा हातचा राखून ठेवण्याला इतिहास होता. आधीच्या पिढीत एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ या प्रत्येकाकडे एकूण ५१२ एमबीच मेमरी. ३६० च्या सिस्टीमने त्यातली ३२ एमबी घेतली आणि वेगवेगळे खेळ खेळणाऱ्या मित्रांना एकमेकांशी बोलता येईल याची सोय त्यातच बसवली. प्लेस्टेशन ३ वर ती सोय शेवटपर्यंत आली नाही. लोक वर्षानुवर्षं मागत राहिले, पण मेमरी एकदा खेळांना वाटून झाली होती. जे खेळ बाजारात गेले ते तेवढ्या मेमरीच्या भरवशावर लिहिलेले; ती परत कशी घेणार? दिलेलं काढून घेता येत नाही, राखलेलं मात्र केव्हाही देता येतं. २०१३ मध्ये दोन्ही कंपन्या मूठ आवळून बसल्या त्या यामुळे.

पुढे मूठ सैल होत गेली. जून २०१४ मध्ये किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स वन आला आणि त्याच महिन्यात डेव्हलपरना ग्राफिक्सचा राखीव हिस्सा वापरण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीच्या डेव्हलपर किटमध्ये (खेळ लिहिणाऱ्यांना कंपनी देते त्या सॉफ्टवेअरमध्ये) सातव्या कोअरचंही दार किलकिलं झालं: ५० ते ८० टक्के वेळ खेळाला. ही रेंज वाचताना थांबून विचार करावा. खेळाडूने ‘एक्सबॉक्स, हे रेकॉर्ड कर’ अशा अर्थाची आज्ञा दिली, की आवाज ओळखण्यासाठी सिस्टीम आपला वाटा वाढवणार आणि खेळाचा हिस्सा ५० वर येणार. म्हणजे जी खात्री देण्यासाठी कुलूप लावलं होतं, नेमकी तीच या जादा खोलीत नव्हती. शहाणा डेव्हलपर अशा कोअरवर जिवावरचं काम टाकत नाही. उशीर झाला तरी चालेल असं काहीतरी टाकतो. प्लेस्टेशनचा सातवा कोअर खेळांना मिळाल्याचं २०१५ च्या अखेरीस बाहेर आलं, तेही सोनीच्या घोषणेतून नाही, एका ऑडिओ सॉफ्टवेअरच्या बदलांच्या यादीतल्या एका ओळीतून.

३२ आणि ३५

आता मूळ मुद्दा. एक्सबॉक्स वन बाजारात येण्याच्या जेमतेम दोन-अडीच महिने आधी मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, १.६ वरून १.७५ गिगाहर्ट्झवर नेला. ग्राफिक्सचा त्याआधीच ८०० वरून ८५३ मेगाहर्ट्झ केला होता. प्लेस्टेशन १.६ वरच राहिला. प्रोसेसरमधली वाढ ९.४ टक्के. त्या वेळी अनेकांनी ती थट्टेवारी नेली, ग्राफिक्समध्ये २९ टक्के मागे असणाऱ्याने प्रोसेसरच्या नऊ टक्क्यांची मिरवणूक काढू नये म्हणून. मायक्रोसॉफ्टचे अभियंते अँड्र्यू गूसेन यांनी तेव्हा एका मुलाखतीत सांगितलं होतं की फ्रेम हुकण्याचं सर्वांत मोठं कारण त्यांना ग्राफिक्समध्ये नाही, प्रोसेसरमध्ये सापडत होतं, त्यामुळे ही दिसायला छोटी वाढ प्रत्यक्षात मोठी आहे. त्यांच्या हितसंबंधांचा विचार करूनही मी म्हणेन की वर्षभराने ‘युनिटी’ने त्यांचं म्हणणं जसंच्या तसं खरं करून दाखवलं.

नऊ टक्के मोठे कसे होतात ते जवळून पाहू.

सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात १.६ गिगाहर्ट्झच्या एका कोअरला सुमारे ५ कोटी ३३ लाख ठोके मिळतात, १.७५ च्या कोअरला ५ कोटी ८३ लाख. समजा एका कोअरवर एक काम आहे, फ्रेममधलं सगळ्यात लांबलचक, ज्याचे तुकडे करून इतर कोअरना वाटता येत नाहीत. त्याला ५ कोटी ६० लाख ठोके लागतात. एक्सबॉक्सवर ते ३२ मिलिसेकंदांत उरकतं. प्लेस्टेशनवर बरोबर ३५ लागतात.

फरक तीन मिलिसेकंदांचा. पण टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक गाडी सुटते. ३२ वाल्याला ३३.३ ची गाडी मिळाली. ३५ वाल्याची चुकली, पुढची ५० ला. चित्र फाटू नये म्हणून खेळ टीव्हीच्या ठोक्याशी काटेकोर बांधलेला असेल, तर एकीकडे ३० फ्रेम आणि दुसरीकडे थेट २०. तयार चित्रं साठवायला जादा जागा ठेवली तर हा झटका सौम्य होतो आणि सरासरी २८-२९ वर येते, पण मधेमधे एखादं चित्र जास्त वेळ रेंगाळतं आणि खेळणाऱ्याच्या अंगठ्याला ते लगेच कळतं. लोकल चुकलेल्याला एक मिनिट उशीर झाला की दहा मिनिटं, याने ऑफिसात काय फरक पडतो? पुढची गाडी केव्हा, एवढंच महत्त्वाचं.

इथे सहा कोअरची बेरीज करण्यात अर्थ नाही हेही दिसतं. सहा गुणिले १.६ म्हणजे ९.६, सहा गुणिले १.७५ म्हणजे १०.५, अशा बेरजा तेव्हा खूप झाल्या. पण फ्रेम संपते ती सगळ्यात लांब साखळी संपल्यावर. बाकीचे पाच कोअर हात जोडून उभे असले तरी ती साखळी लवकर संपत नाही. आणि जग्वार हा मुळात टॅबलेट आणि हलक्या लॅपटॉपसाठी घडवलेला, वीज वाचवणारा कोअर. एकट्याने साखळी ओढण्यात तो कच्चाच. त्यात आठ कोअर म्हणजे चार-चारांचे दोन गट, प्रत्येक गटाची दोन एमबी कॅश (हाताशी ठेवलेली छोटी, वेगवान मेमरी) वेगळी. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटाच्या कॅशमधला डेटा हवा झाला तर तो कित्येक पट उशिरा मिळतो. म्हणून कामं कुठल्या कोअरवर टाकायची हे ठरवणंसुद्धा या पिढीत एक कसब होऊन बसलं होतं.

‘युनिटी’मध्ये ही साखळी कशाची होती? फ्रेंच राज्यक्रांतीचं पॅरिस, नोत्र दामसमोरचं मैदान, शेकड्यांनी-हजारांनी माणसं. प्रत्येकाने कुठे जायचं, कुणाला वाट द्यायची, पाय कुठे टाकायचा, दंगल उसळली तर कुठे पळायचं. युबिसॉफ्टचे निर्माते व्हिन्सेंट पाँटब्रियाँ यांनी खेळ येण्याआधीच, ऑक्टोबरात, सांगितलं होतं की ग्राफिक्स भक्कम आहे, अडचण प्रोसेसरची आहे, कारण गर्दी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता त्याच्या डोक्यावर आहेत. सगळ्यांनी मग गर्दीकडे बोट दाखवलं.

खेळ आल्यावर फ्रेमरेटच्या तक्रारींचा पूर आला तेव्हा युबिसॉफ्टने तपास केला. गर्दी कमी करून पाहिली. आणि जाहीर केलं की या त्रासाचा गर्दीच्या आकाराशी संबंध नाही. सूचनांची रांग तुंबते आहे आणि त्याने वेग मार खातो आहे. मला या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा धागा वाटतो. दुखणं प्रोसेसरच्या बाजूलाच होतं, पण माणसांच्या डोक्यात नव्हतं. कामं वाटून देण्याच्या, हुकूम पोचवण्याच्या व्यवस्थेत होतं. स्वयंपाकघरात आचारी सहा, पण ऑर्डर सांगणारा एकच, आणि त्याच्याच हातात चिठ्ठ्यांचा ढीग.

हुकूम पोचवण्याचा खर्च

तर मग खेळाच्या हाती आलेल्या सहा कोअरमधूनही आणखी एक वजावट होते. प्रोसेसरने ग्राफिक्सला सांगायचं असतं: ही भिंत काढ, हा दगड काढ, ही टोपी काढ. अशा प्रत्येक हुकमाला ड्रॉ कॉल म्हणतात, आणि तो पोचवायला प्रोसेसरचा वेळ खर्च होतो. किती, ते कंपनीने दिलेल्या एपीआयवर, म्हणजे हे हुकूम द्यायच्या सॉफ्टवेअरच्या थरावर, ठरतं.

आणि इथे पारडं उलटं फिरतं. ‘मेट्रो’ ही खेळांची मालिका घडवणाऱ्या फोर-ए गेम्सचे ओलेस शिश्कोव्त्सोव यांनी २०१४ मध्ये सांगितलेला अनुभव असा: एक्सबॉक्स वनवर अख्खा एक कोअर केवळ ड्रॉ कॉल देण्यात भरून गेल्याचे प्रसंग त्यांनी पाहिले, तोच प्रसंग प्लेस्टेशन ४ वर चालवला तर आलेखात ते ड्रॉ कॉल शोधून काढणंही अवघड, इतका कमी वेळ. एक्सबॉक्सचं डायरेक्टएक्स ११ हे संगणकाच्या जगातून आलेलं, प्रत्येक हुकमाची तपासणी करत चालणारं. सोनीचं जीएनएम हार्डवेअरला चिकटलेलं, फारसं काही न विचारणारं. अर्थात सोनीकडेही जीएनएमएक्स नावाचा सोपा थर होता, तो वापरला की सोय मिळायची आणि प्रोसेसरचा थोडा वेळ जायचा. शिश्कोव्त्सोव यांनी हेही नोंदवलं होतं की मायक्रोसॉफ्ट प्रत्येक नव्या डेव्हलपर किटमध्ये हा खर्च उतरवत आणत होती.

आता दोन्ही बाजू एकत्र ठेवा. एक्सबॉक्सला क्लॉकमध्ये ९.४ टक्क्यांचा फायदा, पण हुकूम पोचवण्यात तोटा. प्लेस्टेशनचं नेमकं उलट. एखाद्या खेळात कोण पुढे जाईल हे त्या खेळाचा प्रोसेसर-वेळ कशात जातो यावर अवलंबून. २०१३ च्या अखेरीस जो खेळ एक्सबॉक्सवर ड्रॉ कॉलमध्ये गुदमरला असता, तोच २०१४ च्या अखेरीस, किट सुधारल्यावर, तिथे अधिक मोकळा श्वास घेऊ शकत होता. यंत्र तेच, खोक्यावरचे आकडे तेच. बदललं फक्त सॉफ्टवेअर.

या गुंत्यात एक स्वच्छ मोजमाप हाती आहे, तेही युबिसॉफ्टच्याच घरचं. २०१४ मध्ये जीडीसी युरोप या खेळ-डेव्हलपरांच्या परिषदेत अलेक्सिस व्हेस यांनी कापडाच्या हालचालीचं गणित मांडलं. प्रश्न साधा: पाच मिलिसेकंदांत किती नर्तकांचे कपडे हलवता येतात? प्रोसेसरवर एक्सबॉक्स वनने ११३ नर्तक नाचवले, प्लेस्टेशन ४ ने ९८. इथे ड्रॉ कॉल नाहीत, चित्र नाही, नुसतं गणित. ११३ भागिले ९८ केलं तर फरक १५ टक्क्यांहून थोडा जास्त निघतो. क्लॉकचे ९.४ टक्के वजा केले तरी पाचेक टक्के उरतात, आणि ते कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर), मेमरी गाठण्याचा वेळ आणि सिस्टीमची मधली लुडबुड यांच्यात विभागायचे आहेत. म्हणजे ‘युनिटी’चा निकाल हा त्या एका खेळातला अपघात नव्हता.

त्याच तक्त्यातला आणखी एक आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. प्लेस्टेशन ३: १०५ नर्तक. सात वर्षं जुन्या मशीनने नव्या प्लेस्टेशनला प्रोसेसरच्या कामात मागे टाकलं. तिच्या सेल प्रोसेसरमधले एसपीयू नावाचे छोटे गणिती कोअर अशा कामासाठीच जन्मलेले. त्यातही वजावट होतीच बरं का: आठ बनवलेले, सात चालू, त्यातला एक सिस्टीमला, खेळाला सहा. एक्सबॉक्स ३६० तिथे ३४ वर होता.

मग याच कपड्यांचं गणित व्हेस यांच्या संघाने ग्राफिक्स चिपवर हलवलं. प्लेस्टेशन ४ वर नर्तक झाले १६००, एक्सबॉक्स वनवर ८३०. प्रोसेसरवर १३ टक्क्यांनी मागे असणारी मशीन इथे जवळजवळ दुप्पट पुढे. सोनीने आपला पैसा कुठे लावला होता ते या एका ओळीत दिसतं: प्रोसेसर बेताचा ठेवायचा आणि डेव्हलपरने जड गणित ग्राफिक्सवर न्यायचं. त्यासाठी प्लेस्टेशनच्या ग्राफिक्समध्ये गणिताच्या कामांसाठी ६४ रांगा दिल्या होत्या, एक्सबॉक्समध्ये १६. पण सुतळीच्या गुंत्यासारखा, एकावर एक अवलंबून असलेला कोड तिकडे हलवता येत नाही. कापड हलवता येतं, दंगलीतल्या माणसाचा निर्णय सहजी हलवता येत नाही. आणि २०१४ मध्ये बहुतेक इंजिनं आधीच्या पिढीच्या सवयीने लिहिलेली होती.

९०० ओळींचा वाद

पाँटब्रियाँ यांनी ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट सांगितली होती: दोन्ही कन्सोलवर ९००पी आणि ३० फ्रेम ठेवल्या आहेत, वादावादी टाळण्यासाठी. झालं उलटंच. प्लेस्टेशनवाले खवळले, एक्सबॉक्ससाठी आमची मशीन मुद्दाम खाली खेचली म्हणून. युबिसॉफ्टने लगेच खुलासा केला की कुठल्याही एका मशीनसाठी दुसरीचा दर्जा उतरवलेला नाही.

या वादात दोन गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी तो गुंता तसाच ठेवला. फ्रेमरेट अडतो प्रोसेसरपाशी, हे पाँटब्रियाँ यांचं म्हणणं बरोबर होतं. नंतरच्या मोजण्यांनी ते सिद्ध झालं. पण रेझोल्यूशन ही ग्राफिक्सची गोष्ट. पडद्यावर किती ठिपके रंगवायचे याचा नोत्र दामसमोरच्या गर्दीच्या विचारशक्तीशी काही संबंध नाही. १०८०पी म्हणजे २०,७३,६०० ठिपके, ९००पी म्हणजे १४,४०,०००. प्रमाण १.४४. आणि दोन मशीनच्या टेराफ्लॉप्सचं प्रमाण १.४०. आकडे इतके जवळ आहेत की चाहत्यांची अपेक्षा हवेतली म्हणता येत नाही. ग्राफिक्स फक्त टेराफ्लॉप्सवर चालत नाही हे मान्य. प्लेस्टेशनची मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांच्या सामाईक वापरात आहे, आणि प्रोसेसर तिच्यात हात घालतो तेव्हा ग्राफिक्सचं नुकसान प्रोसेसरच्या फायद्यापेक्षा जास्त होतं. गर्दीच्या खेळात ते जाणवणारच. तरीही माझं मत स्पष्ट आहे: ३० फ्रेमच्या मर्यादेला प्रोसेसर हे पुरेसं कारण होतं, ९००पीला नव्हतं. एकाच दमात दोन्हींचं उत्तर द्यायला गेल्यामुळे खरं असलेलं उत्तरही लोकांनी सबब समजून फेकून दिलं. तांत्रिक माणसाने लोकांशी बोलताना हे जपायला हवं होतं, कारण प्रोसेसरची अडचण समजावून सांगण्याची इतकी चांगली संधी पुन्हा आली नाही.

कोड न बदलता

निदान बरोबर होतं की नाही हे ठरवायचा एक सरळ मार्ग असतो: कोडला हात न लावता फक्त प्रोसेसर वेगवान करायचा. तो प्रयोग पुढे आपोआप झाला.

नोव्हेंबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ प्रो आला. तेच आठ जग्वार, पण २.१३ गिगाहर्ट्झवर. २०१७ च्या मार्चमध्ये सोनीने बूस्ट मोड दिला: जुना खेळ, त्याला नव्या मशीनची काहीही माहिती नाही, फक्त प्रोसेसर एक तृतीयांशाने वेगात आणि ग्राफिक्स ८०० ऐवजी ९११ मेगाहर्ट्झवर. ‘युनिटी’ जिथे रडत होता तिथे बराच सरळ चालू लागला. मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या एक्सबॉक्स वन एक्समध्ये क्लॉक २.३ वर नेला आणि वजावटीच्या दुसऱ्या कलमावरही घाव घातला: डायरेक्टएक्स १२ च्या हुकमांचं बरंचसं काम ग्राफिक्सच्या कमांड प्रोसेसरमध्येच बसवलं, म्हणजे ड्रॉ कॉल देताना प्रोसेसरचा वेळ कमी जावा.

२०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स आला. जग्वारच्या जागी झेन २, आठ कोअर, ३.६ ते ३.८ गिगाहर्ट्झ. त्यातलाही एक कोअर सिस्टीमला, आणि १६ जीबीतली अडीच जीबी मेमरी. त्यावर ‘युनिटी’ची मूळ डिस्क, एकही पॅच न घालता, तशीच चालवून पाहिली गेली. ३० फ्रेमची मर्यादा पॅचने घातलेली, डिस्कवरच्या त्या पहिल्या आवृत्तीत फ्रेमरेटला टाळं नव्हतं. नोत्र दामसमोर तीच माणसं, तीच सूचनांची तुंबणारी रांग, आणि फ्रेम सेकंदाला ६०. रेझोल्यूशन मात्र डिस्कवर कोरलेलं होतं तेच राहिलं, ९००पी.